दारावरचा पीळ

न्यू जर्सीतल्या एडिसनला लेकीकडे राहत असताना जानेवारीतल्या एका रात्री अडीचच्या सुमारास खालून सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. घरातले सगळे जागे झालो. जावयांनी खाली जाऊन दिवे लावले, खिडक्या तपासल्या, बॉयलरच्या खोलीत डोकावून पाहिलं. काही पडलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. सकाळी कामावर निघताना त्यांनी भिंतीवरचं बटण दाबलं तेव्हा मोटर घरघरली, गराजचं दार वीतभर वर आलं आणि थांबलं. मग वर पाहिल्यावर रात्रीच्या आवाजाचा उलगडा झाला. दाराच्या माथ्यावर एक लांब आडवा दांडा होता, त्यावर मनगटाएवढ्या दोन स्प्रिंगा होत्या आणि त्यातल्या डावीकडच्या स्प्रिंगमध्ये दोन इंचांची फट पडली होती.

दाराला रात्री अडीच वाजता कोणी हात लावला नव्हता. सगळं घर झोपलेलं होतं. मग ती तेव्हाच का तुटली, हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. या प्रकरणात मी त्याच प्रश्नाचा माग काढणार आहे, कारण त्याचं उत्तर कळलं की या दाराशी कसं वागायचं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

आधी शब्दाविषयी थोडं. आपल्याकडे गॅरेज म्हणजे जिथे मेकॅनिक गाडी खोलून बसलेला असतो ती जागा. अमेरिकेतली आपली माणसं 'गराज' म्हणतात ते घरालाच जोडलेल्या, गाडी ठेवायच्या खोलीला. तिचं दार रस्त्याच्या बाजूने जवळजवळ सगळी भिंत व्यापतं. एका गाडीचं दार आठ-नऊ फूट रुंद आणि दोन गाड्यांचं सोळा फूट. उंची बहुधा सात फूट. पूर्वी ही दारं वाड्याच्या दरवाजासारखी दोन बाजूंना उघडत, आणि समोर बर्फ साचला की अडकून बसत. १९२१ साली सी. जी. जॉन्सन या अमेरिकन माणसाने वर सरकणारं दार आणलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. आजचं दार त्याच घराण्यातलं आहे. चार-पाच आडवे पट्टे बिजागऱ्यांनी एकमेकांना जोडलेले, दोन्ही कडांना छोटी चाकं, आणि ती चाकं ज्यातून धावतात ते रूळ आधी सरळ उभे जाऊन मग छताखाली आडवे वळलेले.

लेकीच्या घरचं दार सोळा फुटी, पोलादी पत्र्याचं होतं. दुरुस्ती करणाऱ्या माणसाने ते वजनकाट्यावर टेकवून मोजलं तेव्हा काटा दीडशे पौंडांवर थांबला, म्हणजे सुमारे ६८ किलो. आतून थर्मोकोलसारखा थर भरलेली दारं याहून जड असतात, लाकडी तर आणखी जड. आणि तरीही आदल्या दिवसापर्यंत माझी नऊ वर्षांची नात बटण दाबून ते उघडत होती. सगळ्यांना वाटतं की दार मोटर उचलते. मलाही तसंच वाटत होतं. मोटर दार उचलत नाही. छताला टांगलेली ती पेटी दार नुसतं पुढे-मागे सरकवते. घर्षणावर मात करण्यापुरतं बळ तिच्यात असतं. वजन पेलते ती स्प्रिंग.

इमारतीतली लिफ्ट आठवा. आपण तिच्यात उभे असतो तेव्हा दोराच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन खाली-वर होत असतं, म्हणून मोटरला सगळा भार उचलावा लागत नाही. विहिरीवर आडव्या लाकडाच्या एका टोकाला दगड बांधून दुसऱ्या टोकाने पोहरा वर काढायची जुनी युक्तीही तीच. गराजच्या दारापाशी असा दगड टांगायला जागा नसते. म्हणून तिथे दगडाच्या जागी पीळ वापरला आहे.

माथ्यावरच्या दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक चाक असतं, त्यावर तारेचा दोर गुंडाळतो आणि दोराचं दुसरं टोक दाराच्या अगदी खालच्या कोपऱ्यात अडकवलेलं असतं. दांड्याभोवतीच्या स्प्रिंगचं एक टोक भिंतीला पक्कं, दुसरं दांड्याला पक्कं. दार बंद असताना स्प्रिंग पुरती पिळलेली असते आणि दांडा फिरवून दोर वर ओढायला बघत असते. चावीच्या खेळण्याला चावी द्यावी तसंच हे आहे, फक्त ही चावी ६८ किलो उचलण्याएवढी. नेहमीच्या मापाच्या चाकाचा घेर जवळजवळ एक फूट असतो. म्हणजे सात फूट दार वर नेण्यासाठी दांड्याला सात वेढे घ्यावे लागतात. त्यावर अर्धा वेढा जादा देतात, कारण दार पूर्ण उघडल्यावरही दोर सैल पडता कामा नये. असे साडेसात वेढे. ते चतकोर चतकोर फिरवून द्यायचे असतात, म्हणून तीस वेळा.

आता यातली मला सगळ्यात सुंदर वाटलेली गोष्ट. दार वर जाऊ लागलं की त्याचा एकेक पट्टा वळणावरून छताखालच्या आडव्या रुळांवर जातो आणि त्याचं वजन रूळच घेतात. म्हणजे दोरावर लटकलेलं वजन दार जितकं वर जाईल तितकं कमी होतं. अर्धं दार वर गेलं की अर्धंच वजन उरतं. आणि स्प्रिंगचं काय होतं? तीही त्याच वेळी सुटत असते. अर्धे वेढे सुटले की तिचा जोर अर्ध्यावर येतो. जितका पीळ तितका जोर हा नियम इंग्लंडच्या रॉबर्ट हूकने शोधला होता. १६७६ मध्ये त्याने तो अक्षरांची उलटापालट करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ मध्ये त्याची उकल दिली. वजन सरळ रेषेत उतरतं आणि जोरही सरळ रेषेत उतरतो, म्हणून दार कुठेही थांबवलं तरी दोन्ही बाजू सारख्याच भरतात. नीट बसवलेलं दार मोटर सोडवून कमरेएवढ्या उंचीवर सोडून द्यावं, ते तिथेच तरंगत राहतं. ज्याने कोणी हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं असेल, त्याला त्या क्षणी काय वाटलं असेल याचा मी पुष्कळ विचार केला.

यातच रात्रीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. स्प्रिंगवर सर्वांत जास्त ताण दार बंद असताना असतो. आपल्या दृष्टीने बंद दार म्हणजे विश्रांती घेणारं दार, पण स्प्रिंगच्या दृष्टीने तीच पराकाष्ठेची घटका. रात्रभर दार बंद, म्हणजे रात्रभर पूर्ण पीळ.

उरलेलं निम्मं उत्तर थकव्यात आहे. हाताशी पक्कड नसली की आपण तार इकडून तिकडे वाकवत राहतो आणि थोड्या वेळाने ती तुटते. एकदा वाकवून ती तुटत नाही, वाकवण्याच्या संख्येने तुटते. धातूचा हा थकवा माणसाला रेल्वेने शिकवला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस तुटला आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढे प्रशियातल्या ऑगस्ट व्होलर या रेल्वे अभियंत्याने वर्षानुवर्षं आस फिरवून फिरवून मोडले आणि दाखवून दिलं की एका झटक्यात जे वजन पोलाद सहज पेलतं, त्याहून बरंच कमी वजन लाखो वेळा आलं तर तेच पोलाद मोडतं. तारेच्या पृष्ठभागावर कुठेतरी एक बारीक चीर पडते, गंजाचा ठिपका असेल तर बहुधा तिथेच. प्रत्येक फेरीला ती केसभर पुढे सरकते. बाहेरून काही दिसत नाही.

गराजच्या साध्या स्प्रिंगचं आयुष्य १०,००० फेऱ्यांचं धरतात. एकदा उघडून बंद केलं की एक फेरी. दिवसाला चार फेऱ्या धरल्या तर २,५०० दिवस, म्हणजे जेमतेम सात वर्षं. पण आपल्या मंडळींच्या घरांत पुढचं दार पाहुण्यांसाठी असतं आणि घरातली सगळी ये-जा गराजमधून चालते. मुलांच्या सायकली, शाळा, किराणा, संध्याकाळचा क्लास. आठ फेऱ्या सहज होतात, आणि मग तीच स्प्रिंग साडेतीन वर्षांत थकते. जास्त लांब आणि जाड तारेची स्प्रिंग घेतली तर वीस-तीस हजार फेऱ्याही मिळतात. किमतीतला फरक बसवण्याच्या मजुरीपुढे किरकोळ असतो, म्हणून असं राबणारं दार असेल तर तीच मागावी असं माझं मत आहे.

जानेवारीत बाहेर पारा शून्याखाली आणि गराजमध्ये हीटर नाही. थंडीत पोलादाचा चिवटपणा कमी होतो, आणि शेवटच्या टप्प्यावर आलेली चीर अशा वेळी आरपार जाते. पूर्ण पीळ, जुनी चीर, थंड पोलाद, या तिन्ही गोष्टी रात्री अडीच वाजता एकत्र आल्या.

ती दोन इंचांची फटही त्याच हिशेबात बसते. स्प्रिंग पिळली की प्रत्येक वेढ्याला तारेच्या जाडीएवढी लांब होते. सहा मिलिमीटरची तार आणि साडेसात वेढे, म्हणजे साडेचार सेंटिमीटर. तुटताक्षणी ती पुन्हा आखडते आणि तेवढी जागा मोकळी पडते. म्हणून दार रुसलं की पहिलं काम मान वर करून पाहणं. वेटोळी एकसंध आहेत का, की मध्ये अंतर आहे? तारेचे दोर ताठ आहेत का, की एखादा चाकावरून उतरून लोंबतोय? दार एका बाजूला कललंय का? अंतर दिसलं तर पुढे काहीही दाबायचं नाही. दुसऱ्यांदा बटण दाबलं की मोटरची दातेरी चाकं झिजून जातात किंवा दाराचा वरचा पट्टा मधोमध वाकतो, आणि थोडक्यातली दुरुस्ती मोठी होऊन बसते.

त्या सकाळी जावयांनी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक घरांत हेच होतं. मोटरपासून दार सुटं करणारी एक लाल दोरी रुळावर लटकत असते. त्यांनी ती ओढली, "बाबा, तुम्ही मागे थांबा," म्हणाले आणि दार हाताने उचललं. ते गुडघ्यापर्यंत आलं. पकड बदलायला त्यांनी क्षणभर एक हात काढला आणि दार धाडकन फरशीवर आदळलं. दोनपैकी एकच स्प्रिंग तुटली होती, म्हणून खाली आलेला भार चौतीस किलोंचा होता. पाऊल दोन इंच पुढे असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघंही एकमेकांशी बोललो नाही.

आणि तेव्हा दार निदान बंद तरी होतं. खरा धोका याच्या उलट स्थितीत आहे. दार उघडं असताना स्प्रिंग तुटली किंवा दोर सुटला, तर त्याला वर धरून ठेवणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे मोटरचा साखळदंड. अशा वेळी कोणी लाल दोरी ओढली की सगळं दार त्याच्या डोक्यावर येतं. म्हणून ती दोरी दार पूर्ण टेकलेलं असतानाच ओढायची. दार उघड्यावर अडकलं तर त्याखालून कोणी जायचं नाही, गाडीही काढायची नाही, मुलांना आणि कुत्र्याला घरात घ्यायचं, आणि माणूस येईपर्यंत तिथे कोणीतरी मोठं उभं राहायचं. घर उघडं राहिलं तरी चालेल.

दुपारी जो कारागीर आला तो वीस वर्षं हेच काम करत होता. त्याने आधी मोटरचा प्लग काढला. मग रुळाला चाकाच्या वर पकड आवळली, म्हणजे दार चुकूनही वर उसळणार नाही. आणि मग तुटलेल्या स्प्रिंगकडे न वळता तो चांगल्या स्प्रिंगकडे गेला. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं आपण म्हणतो. इथे तुटलेल्या स्प्रिंगचा पीळ रात्रीच गेला होता. शेजारची धड दिसणारी स्प्रिंग मात्र पुरती पिळलेली होती, आणि दांड्याचे स्क्रू ढिले केले असते तर ती तिथेच सुटली असती.

तिच्या टोकाला ओतीव धातूचा शंकू असतो, त्याला चार भोकं. त्या भोकांत बरोबर बसणाऱ्या, अठरा इंच लांबीच्या दोन पोलादी सळ्या त्याच्याकडे होत्या. एक सळी आत, तिच्यावर भार, मग दुसरी आत, मग पहिली बाहेर. शंकू एका क्षणासाठीही सळीविना नाही. तो स्वतः सळीच्या रेषेत उभा नव्हता, बाजूला होता. मी विचारलं तेव्हा त्याने सळी माझ्या हाताजवळ आणली, पण धरू दिली नाही.

नंतर कागदावर मांडून पाहिलं आणि चकित झालो. या दारासाठी लागणारा एकूण पीळ सुमारे ३४ न्यूटन-मीटर. दोन स्प्रिंगांत वाटला तर एकीचा १७. अठरा इंची सळीच्या टोकाला हाताला जाणवतो तो जोर फक्त चार किलोंचा. एकच स्प्रिंग असलेल्या दारावर आठ किलोंचा. भाजीच्या भरलेल्या पिशवीएवढा! लोक फसतात ते इथे. हाताला ओझं वाटत नाही, म्हणून धोकाही वाटत नाही. पण त्या सगळ्या वेढ्यांत मिळून जवळजवळ ८०० ज्यूल ऊर्जा साठलेली असते. दहा किलो तांदळाची पिशवी आठ मीटरवरून खाली पडली तर जेवढी, तेवढी. सळी निसटली तर ती ऊर्जा पापणी लवायच्या आत बाहेर येते आणि वाटेत बोटं, मनगट किंवा चेहरा असतो. घरातला स्क्रूड्रायव्हर सळीच्या जागी घालणारे तर दुहेरी चूक करतात. तो आखूड, म्हणून जोर दुप्पट-तिप्पट लागतो, आणि भोकात डुगडुगतो, म्हणून निसटतोच. इतर शंभर गोष्टी व्हिडिओ पाहून स्वतः कराव्यात, मी त्याचा पुरस्कर्ताच आहे. हे काम करू नये. दाराच्या खालच्या कोपऱ्यातली, दोर अडकवलेली पट्टीही अशीच. तिचे स्क्रू बाकीच्या स्क्रूंसारखेच दिसतात, पण दाराचा सगळा भार तिथे अडकलेला असतो.

जुन्या घरांत दुसऱ्या प्रकारच्या स्प्रिंगा भेटतात. छताखालच्या आडव्या रुळांना समांतर, दोन बाजूंना दोन लांब स्प्रिंगा, ज्या पिळल्या जात नाहीत, ताणल्या जातात. माथ्यावरची स्प्रिंग तुटली तरी दांड्यावरच राहते. ही ताणाची स्प्रिंग तुटली तर तिचा तुकडा गोफणीतल्या दगडासारखा जातो आणि गाडीची काच किंवा भिंत फोडतो. म्हणून तिच्या पोटातून एक वेगळा तारेचा दोर ओवून दोन्ही टोकांना पक्का बांधलेला असायला हवा. जुनं घर विकत घेतलेल्या प्रत्येकाने आजच मान वर करून तो दोर आहे का पाहावं. नसेल तर स्प्रिंग धड असली तरी माणूस बोलवावा.

कारागिराने दोन्ही स्प्रिंगा बदलल्या. जावयांनी विचारलं, एकच तुटली असताना दोन कशाला? दोघींनी सारख्याच फेऱ्या केल्या आहेत, तो म्हणाला, दुसरीही याच वाटेवर आहे. हे विक्रीचं बोलणं नव्हतं, व्होलरचा नियम होता. आणि त्याने दार काट्यावर मोजलं ते मला फार आवडलं. दाराच्या मापावरून स्प्रिंग ठरवणारे असतात, पण त्याच मापाचं दार काच, रंग, आतले थर यांनुसार कितीही हलकं किंवा जड असू शकतं. थंडीसाठी कोणी नंतर आतून थर चिकटवले, तर दार काही किलोंनी वाढतं आणि कालपर्यंत बरोबर असलेली स्प्रिंग आज अपुरी पडते.

घरच्या माणसाच्या हातात उरतं ते लक्ष ठेवणं. दोन-तीन महिन्यांनी एकदा, स्प्रिंग आणि दोर धड दिसत असतील तरच, दार बंद करून लाल दोरी ओढावी आणि हाताने कमरेपर्यंत उचलून पाहावं. थांबलं तर ठीक. खाली सरकू लागलं तर पीळ उतरलाय, वर पळू लागलं तर जास्त आहे. वर्षातून दोनदा वेटोळ्यांवर तेलाचा हात फिरवावा, गंज दूर राहतो. दाराच्या दोन्ही बाजूंना फरशीपासून सहा इंचांच्या आत डोळ्यासारखे सेन्सर असतात, १९९३ पासून बनलेल्या मोटरींवर अमेरिकेत असं संरक्षण सक्तीचं आहे. ते पुसत जावेत.

हे सगळं वाचून पुण्या-नाशिकच्या वाचकाला हा दूरचा विषय वाटेल, तर त्याने कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर पाहावं. वरच्या पाइपवर पट्ट्या गुंडाळल्या जातात, त्या पाइपवर स्प्रिंग असते आणि गणित हेच असतं. जसजसं शटर वर, तसतसं लटकणारं वजन कमी, तसतसा पीळ कमी. "शटर जड झालंय," असं दुकानदार महिनोन्महिने म्हणत राहतो आणि नोकराला बरोबर घेऊन, हिसडा देऊन ते उचलतो. जड झालेलं शटर म्हणजे थकलेली स्प्रिंग. वजन वाढलेलं नाही, पेलणारा कमी झालाय. ते अर्धवट ठेवून त्याखालून वाकून जाण्याची सवय आपल्या प्रत्येक बाजारपेठेत आहे आणि ती पाहताना आता माझा जीव वर-खाली होतो.

परदेशी मुलांकडे गेलेल्या आई-वडिलांसाठी एक गोष्ट आवर्जून लिहितो. दिवसभर घरात बहुधा तेच असतात. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले, वीज गेली आणि काही वयस्कर माणसांना गराजचं दार उघडून बाहेर पडता आलं नाही. त्यानंतर त्या राज्याने कायदा केला, आणि १ जुलै २०१९ पासून तिथे नव्या मोटरीला बॅटरी असावीच लागते. पण स्प्रिंग धड असलेलं दार वीज नसतानाही आजीच्या हाताने उघडतं, फक्त लाल दोरी कुठे आहे हे तिला ठाऊक हवं. मुलांनी विमानतळावरून आणल्यावर गॅस आणि शॉवर दाखवतात तसं हेही दाखवावं. दोरी कुठली, ती कधी ओढायची, आणि वर फट दिसली तर कधीच ओढायची नाही.

तिसावा चतकोर वेढा देऊन कारागिराने स्क्रू आवळले, सळ्या काढल्या आणि रुळावरची पकड सोडवली. मग लेकीला पुढे बोलावलं. तिने दोन बोटांनी दार उचललं, कमरेपर्यंत आणलं आणि हात काढून घेतला. दार तिथेच थांबलं. जाण्याआधी त्याने खिशातून मार्कर काढून स्प्रिंगजवळच्या भिंतीवर त्या दिवसाची तारीख लिहिली, खाली '१०,०००' असा आकडा टाकला, आणि नातीला म्हणाला की आता मोजायला लाग.